ऊसबिल, दूधबिल आणि साधी मजकूर फाईल : घरच्या हिशेबाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

घरचा आणि शेतीचा हिशेब आजपासून साध्या मजकूर फाईलमध्ये. वर्ष २०२४-२५ चेच धरले आहे, म्हणजे १ एप्रिल २०२४ पासूनच्या नोंदी मागे जाऊन भरायच्या. हाताशी आहेत आबांची वही, जिल्हा बँकेचे पासबुक, दूध संस्थेची दहा-दहा दिवसांची बिले, कारखान्यात उसाचे वजन झाल्यावर मिळणाऱ्या काटापावत्या आणि माझ्या पगार खात्याचा उतारा.

आबांची वही चोख आहे. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, रात्री शिल्लक मोजून खाली लिहिलेली. पण तिच्यात फक्त हाताला लागलेला पैसा येतो. आमच्यासारख्या घरात निम्म्याहून जास्त व्यवहार पैसा हातात न येताच होतात. ऊसबिलातून सोसायटीचे, म्हणजे गावातल्या पीक कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचे, कर्ज कापून जाते, दूधबिलातून पशुखाद्याची पोती वळती होतात, पाणीपट्टीही परस्पर जाते. उरलेले बँकेत पडते आणि तेवढेच वहीत चढते. मग वर्षाखेरीला दादा म्हणतो उसात काही राहत नाही, आई म्हणते दुधावर घर चालते, आणि दोघांपैकी कुणाचेच म्हणणे तपासायला कागद नसतो. या प्रकल्पाचे कारण एवढेच : जे पैसे आलेच नाहीत पण आपलेच होते, ते लिहायचे.

एक्सेलमध्ये कपात लिहिता येते, पण एखादा आकडा राहिला तर एक्सेल गप्प बसते. दुहेरी नोंदीत, म्हणजे पैसे कुठून आले आणि कुठे गेले अशा दोन्ही बाजू लिहिण्याच्या पद्धतीत, तसे होत नाही. प्रत्येक व्यवहाराची बेरीज शून्य आली पाहिजे, नाही आली तर नोंद घेतलीच जात नाही. ऑफिसात मी रोज हेच करते, पण तिथले सॉफ्टवेअर घरी नको. त्याची फाईल त्याच्याशिवाय उघडत नाही, आणि घरचा हिशेब वीस वर्षांनीही कुणालाही वाचता यायला हवा.

साध्या मजकुरावर चालणारी नावाजलेली साधने तीन. जॉन विगली यांचे लेजर २००३ चे, या पद्धतीची सुरुवात त्यापासून. सायमन मायकल यांचे एचलेजर २००७ पासूनचे, हास्केल भाषेत लिहिलेले. मार्टिन ब्ले यांचे बीनकाउंट पायथनमधले, शिस्तीला सर्वांत कडक. मी एचलेजर निवडले. चूक कुठल्या ओळीत आहे ते नीट दाखवते, उत्पन्न-खर्च पत्रक आणि ताळेबंद थेट काढून देते, आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम त्याला समजतात. फाईलच्या सुरुवातीला रुपयाची मांडणी एकदा १,००,००,०००.०० अशी लिहून दिली की पुढचे सगळे अहवाल तशाच आकड्यांत येतात. आबांना २५४,९१८ असा आकडा दाखवला तर ते आधी स्वल्पविरामच दुरुस्त करतील.

१२ जानेवारी

खात्यांची यादी ठरली. मुळे पाच : मत्ता, देणी, भांडवल, उत्पन्न, खर्च. पुढे विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे देऊन फांद्या. खर्च:शेती:खते, खर्च:जनावरे:पशुखाद्य, देणी:सोसायटी:पीक कर्ज असे.

सगळी नावे मराठीतच ठेवली. इंग्रजी नावे असती तर कोणते खाते मत्तेचे आणि कोणते खर्चाचे हे एचलेजर आपोआप ओळखते. मराठी नावांसाठी फाईलच्या वरच्या भागात प्रत्येक मुळाचा प्रकार एकदा जाहीर करावा लागतो. पाच ओळींचे काम आहे, पण ते केले नाही तर ताळेबंदाच्या आज्ञेला आपली खाती सापडत नाहीत.

मराठीत काम करणाऱ्याला उपयोगी पडतील अशा आणखी काही गोष्टी. खात्याचे नाव आणि रक्कम यांत किमान दोन मोकळ्या जागा हव्यात. एकच सोडली तर आकडा नावाचाच भाग धरला जातो, कारण 'तोडणी वाहतूक' अशा जोडनावांत एक मोकळी जागा चालते. संगणकाची मांडणी यूटीएफ-८ (सगळ्या लिपींची अक्षरे साठवायची पद्धत) नसेल तर देवनागरी फाईल वाचतानाच काम थांबते, ती सेटिंग आधी बघावी. आणि ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष हवे. पाणीपट्टी आणि पाणिपट्टी ही त्याच्या लेखी दोन वेगळी खाती. त्यासाठी सगळी खाती आधी जाहीर करून तपासणी कडक पर्यायाने चालवायची, मग यादीत नसलेले नाव आले की ते लगेच अडवते. आकडे फाईलमध्ये इंग्रजी अंकांत आहेत, इथे वाचायला सोपे म्हणून देवनागरीत उतरवते आहे.

१९ जानेवारी

आरंभीच्या शिल्लका. १ एप्रिल २०२४ ची एक मोठी नोंद : बँकेत किती, घरात रोख किती, सोसायटीचे देणे किती, आणि समोरच्या बाजूला भांडवल:आरंभीची शिल्लक. देणे वजा आकड्यात दिसते. जमेचे वजा आणि नावेचे अधिक, एवढे धरून चालले की बाकी काही पाठ करावे लागत नाही.

वेळ गेला तो दोन म्हशींवर. त्या मत्तेत धरायच्या का? धरल्या, खरेदीच्या किमतीला. बाजारभाव दर महिन्याला बदलत बसायचे नाही. विकली तर त्या दिवशी जो फरक येईल तो नफा किंवा तोटा. जमीन मात्र घेतली नाही. ती विकायची नाही, तिचा भाव आम्हाला कळून घ्यायचा नाही, आणि तो आकडा ताळेबंदात आला की बाकीचे सगळे आकडे त्याच्यापुढे दिसेनासे होतात. सनदी लेखापालाला हे पटणार नाही, पण हा ताळेबंद बँकेला द्यायचा नाही, घरात वाचायचा आहे.

२३ जानेवारी

परवा ऊसबिल जमा झाले. ज्या व्यवहारासाठी हा सगळा खटाटोप, तो हाच. पासबुकात ओळ एकच : ५०,४७२ रुपये.

कारखान्याकडून बिलाची प्रत आणली. ६२.४८० टन ऊस, टनाला ४,०८० रुपये. या २०२४-२५ च्या हंगामाची केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला) टनामागे ३,४०० रुपये आहे, आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३३ रुपये २० पैसे वाढतात. कोल्हापूर-सांगलीकडचा उतारा चांगला, म्हणून दर इतका चढतो. त्यातून तोडणी-वाहतूक टनाला ९३० वजा होते. नोंद अशी झाली :

२०२५-०१-२१ * ऊसबिल, मळ्याकडचा प्लॉट
    मत्ता:जिल्हा बँक              ₹५०,४७२.००
    देणी:सोसायटी:पीक कर्ज      ₹१,२०,०००.००
    खर्च:शेती:पाणीपट्टी            ₹१४,५००.००
    खर्च:शेती:खते                  ₹९,८४०.००
    मत्ता:कारखाना:भाग             ₹२,०००.००
    खर्च:शेती:तोडणी वाहतूक      ₹५८,१०६.४०
    उत्पन्न:ऊस

शेवटच्या ओळीत रक्कम लिहिली नाही. एका व्यवहारात एक रक्कम मोकळी सोडता येते, ती एचलेजर स्वतः काढते. आकडा आला वजा २,५४,९१८.४०. तो बिलाच्या एकूण रकमेशी पैशासकट जुळला, म्हणजे कपातीची एकही ओळ सुटलेली नाही. दुहेरी नोंदीतला मला सर्वांत आवडणारा क्षण हा.

आबा शेजारी बसून बघत होते.

"हातात पन्नास हजार आलं. मग अडीच लाख कुठनं लिवतीस?"

"आबा, सोसायटीचं एक लाख वीस हजार फिटलं ते कशानं फिटलं?"

"उसानंच की."

"मग ते उसाचंच उत्पन्न. ते आधी आपल्याकडं आलं आणि मग सोसायटीला गेलं, असं लिहायचं."

त्यांनी बिल पुन्हा हातात घेतले आणि एकेक ओळ पडद्याशी ताडून पाहिली. भागाच्या दोन हजारांवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो खर्च न्हवं." बरोबर. भाग भांडवल कापले गेले तरी ते आपलेच आहे, म्हणून ते मत्तेत. कर्जाची कपातही खर्च नाही, देणे कमी झाले. खर्च फक्त तीन ओळींचा, ८२,४४६ रुपये ४० पैसे. पासबुकातली ओळ आणि हे चित्र यांत किती अंतर आहे ते लिहून ठेवते : बँकेत पडले त्याच्या पाचपट उत्पन्न होते. लागण, भांगलण, मजुरी वर्षभरात रोखीने झालेली आहे, ती आबांच्या वहीत आहे आणि त्या पानांवरून चढवायची आहे. तोपर्यंत उसात काय राहिले हे ठरवायचे नाही.

आणखी एक. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर थकलेल्या रकमेवर वार्षिक १५ टक्के व्याज. आमची शेवटची खेप २ जानेवारीची, म्हणजे मुदत १६ ला संपली आणि पैसे आले २१ ला. १,९६,८१२ रुपयांवर दिवसाला सुमारे ८१ रुपये, पाच दिवसांचे ४०४. हे व्याज उत्पन्नात लिहिलेले नाही. मिळेल तेव्हा लिहीन. पण नोंदीखाली अर्धविराम देऊन टिपणात हिशेब मांडून ठेवला आहे. पुढच्या हंगामापासून काटापावती आली की त्याच दिवशी मत्ता:येणे:कारखाना या खात्यावर रक्कम चढवायची. मग किती दिवस थकले ते खात्याच्या उताऱ्यातच दिसेल.

२ फेब्रुवारी

दूधबिले. महिन्याला तीन, मांडणी नेहमी तीच : लिटर, फॅटप्रमाणे दर, वजा पशुखाद्य, बाकी बँकेत. जानेवारीच्या शेवटच्या बिलात १४२ लिटरचे ७,३१३ रुपये, दोन पोती पशुखाद्याचे ३,३५०, जमा ३,९६३. एचलेजरची नोंद भरून घेणारी आज्ञा वापरली की 'दूधबिल' एवढे लिहिताच मागच्या बिलाची खाती आणि रकमा ती पुढे करते, फक्त आकडे बदलायचे. एप्रिलपासूनची बिले वहिनीने वाचली, मी भरली. रविवार दुपारपर्यंत संपले.

९ फेब्रुवारी

पगार खात्याचा उतारा बँकेच्या संकेतस्थळावरून सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाईलमध्ये, मिळतो. त्यासाठी नियमांची वेगळी फाईल लागते : वरच्या किती ओळी सोडायच्या, कोणता रकाना तारखेचा, तारीख दिवस-महिना-वर्ष अशी आहे, पैसे गेले तो रकाना कोणता आणि आले तो कोणता. मग वर्णनात अमुक शब्द आला तर अमुक खाते. यूपीआयची वर्णने लांबलचक आणि एकसारखी असतात, पण दुकानाचा यूपीआय पत्ता त्यात असतोच. किराणा, पेट्रोल, गॅस, वीजबिल एवढे नियम लिहिल्यावर बहुतेक ओळी आपसूक लागल्या. उरलेल्या सगळ्या उचंत खात्यात, म्हणजे कुठे लिहायचे ते अजून ठरले नाही अशा रकमांच्या खात्यात, जाऊ दिल्या, एकेक बघून बाहेर काढते आहे. ओळखता येत नसलेली रक्कम 'किरकोळ'मध्ये टाकू नये. किरकोळमध्ये गेलेली पुन्हा कुणी बघत नाही. उचंत खात्यावर मात्र शिल्लक दिसत राहते आणि ती शून्य करावीशी वाटते.

आयात केल्यावर एचलेजर शेवटची तारीख एका लपलेल्या फाईलमध्ये लिहून ठेवते. पुढच्या महिन्यात तोच उतारा पुन्हा दिला तरी जुन्या ओळी दुसऱ्यांदा चढत नाहीत.

जिल्हा बँकेचे पासबुक हातानेच भरायचे. तिथे उपयोगी पडते ते शिल्लक-पडताळणीचे चिन्ह : रकमेपुढे बरोबरचे चिन्ह देऊन त्या दिवशीची पासबुकातली शिल्लक लिहायची. फाईलमधली बेरीज तिच्याशी जुळली नाही तर पुढचे काहीच चालत नाही. पासबुकाच्या प्रत्येक पानाच्या शेवटच्या ओळीला अशी पडताळणी घातली आहे. एचलेजर ही तपासणी तारखेच्या क्रमाने करते, त्यामुळे मागची एखादी नोंद फाईलच्या तळाशी लिहिली तरी बिघडत नाही. लेजरमध्ये फाईलमधला क्रम धरला जातो. मागे जाऊन वर्ष भरणाऱ्याला हा फरक मोठा आहे.

२ मार्च

सोसायटीच्या गटसचिवांकडून कर्जखात्याचा उतारा आणला आणि त्यातल्या शिल्लकेची पडताळणी घातली. ३१ जानेवारीच्या ओळीवर एचलेजर थांबले. फरक बरोबर १,२०,०००.

उतारा नीट वाचल्यावर उलगडा झाला. ऊसबिलातून रक्कम २१ जानेवारीला कापली गेली, सोसायटीत आमच्या नावावर जमा झाली १४ फेब्रुवारीला. मधले २४ दिवस ते पैसे आमच्या बिलात नव्हते आणि आमच्या कर्जखात्यातही नव्हते.

यासाठी नवे खाते काढले : मत्ता:वाटेत:सोसायटी. जानेवारीच्या नोंदीतली कपात आता या खात्यावर, आणि १४ फेब्रुवारीची दुसरी नोंद तिथून देणी:सोसायटीकडे. दोन्ही पडताळण्या जुळल्या, 'वाटेत' शून्य झाले.

आम्हाला यात तोटा झाला नाही, कर्जाची मुदत अजून शिल्लक होती. पण तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्यालाच शून्य टक्क्याची सवलत मिळते. ज्याची मुदत या २४ दिवसांच्या मध्ये संपेल त्याच्या उताऱ्यावर तो थकबाकीदार दिसेल, बिलातून पैसे आधीच कापलेले असूनही. गावात असे झालेले असेल आणि त्या माणसाच्या हातात दाखवायला काही नसेल, हे डोक्यातून जात नाही. दादाला सांगितले आहे की पुढच्या वेळी कपातीची तारीख असलेली बिलाची प्रत त्याच आठवड्यात सोसायटीत नेऊन द्यायची.

२० मार्च

एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा देणारा राज्याचा २०२२ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने या आठवड्यात रद्द केला. एफआरपी एकरकमी द्यायची, हंगाम संपून उतारा ठरण्याची वाट बघायची नाही. शेतकरी संघटनांनी यासाठी मोठी लढाई दिली आहे. माझ्या फाईलपुरता अर्थ असा की काटापावतीच्या दिवशी येणे कोणत्या दराने चढवायचे, हा जानेवारीत अर्धवट राहिलेला प्रश्न सुटला : मागच्या हंगामाच्या उताऱ्यावर निघणाऱ्या दराने पूर्ण रक्कम, एकाच ओळीत.

६ एप्रिल

वर्ष संपले. उत्पन्न-खर्च पत्रक काढताना एक ध्यानात ठेवायचे : एचलेजरमध्ये शेवटची तारीख धरली जात नाही. म्हणून १ एप्रिल २०२४ पासून १ एप्रिल २०२५ पर्यंत असे लिहायचे. ३१ मार्च लिहिले तर त्या दिवशीचे व्यवहार बाहेर राहतात, आणि ३१ मार्चला व्यवहार बरेच असतात.

आबांच्या वहीतली मजुरी, बेणे, मशागत चढवून झाली. उसात, आमच्या दीड एकरात, सगळे वजा जाता राहते. दादाला वाटत होते त्यापेक्षा बरेच जास्त. तो पासबुकातले पन्नास हजार बघत होता.

दुधाचे आकडे : उत्पन्न २,३१,४८०. पशुखाद्य १,१२,९००, विकतची वैरण ३८,६००, डॉक्टर आणि औषधे ६,२५०. राहिले ७३,७३०. घरच्या शेतातली ओली वैरण यात धरलेली नाही.

आणि आई-वहिनीचे कामही नाही. यावर फेब्रुवारीपासून माझा विचार चालू होता. त्यांच्या कामाला रुपयांत मजुरी लावून नोंद करायची नाही असे ठरवले. तो व्यवहार झालेलाच नाही, आणि न झालेले पैसे लिहिले की बाकीच्या फाईलवरचा विश्वास उडतो. पण जे हातात आले नाही ते लिहायचे म्हणून हा प्रकल्प सुरू केला, मग हेच कसे सोडायचे? एचलेजर वेळेची एक साधी मांडणी वाचते : तारीख, खाली कामाचे नाव, पुढे टिंबे. एक टिंब पाव तासाचे. १ मार्चपासून गोठ्यातल्या दिनदर्शिकेवर वहिनी टिंबे मारते, मी आठवड्याला ती उतरवते. धार, शेण-घाण, वैरण कापणे, संस्थेत दूध घालणे. मार्चची बेरीज ११८ तास. वर्षाची शिल्लक बाराने भागून या तासांवर वाटली तर तासाला सुमारे ५२ रुपये पडतात. एका महिन्याच्या तासांवरून वर्ष मोजले आहे, त्यामुळे हा आकडा कच्चा. सहा महिन्यांनी पुन्हा काढायचा.

आई म्हणाली, "हे आधी का न्हाई लिवलं कुणी?"

१३ एप्रिल

जुन्या वर्षाची फाईल बंद केली. समापनाच्या आज्ञेने अखेरच्या शिल्लकांची आणि नव्या वर्षाच्या आरंभीच्या शिल्लकांची नोंद आयती मिळते, ती २०२५-२६ च्या फाईलच्या डोक्यावर बसवली. दोन्ही फाईली गिटमध्ये आहेत, म्हणजे कोणती ओळ कधी बदलली ते मागे जाऊन बघता येते. एक प्रत दादाच्या संगणकावर.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, काना-मात्रांमुळे आकड्यांचे रकाने वाकडेतिकडे दिसतात. आबांसाठी तोच अहवाल एचटीएमएलमध्ये काढून छापला, तिथे सगळे सरळ येते. त्यांनी दोन बदल सांगितले. खतांचा खर्च प्लॉटप्रमाणे वेगळा हवा, आणि म्हशींचा हिशेब प्रत्येक म्हशीचा स्वतंत्र, कारण एक भाकड असताना दुसरी तिचा खर्च उचलते. दोन्ही रास्त आहेत. खात्यांना प्लॉटची फांदी लावली, म्हशींसाठी व्यवहारावर खूणचिठ्ठी लावायची सोय वापरणार.

पुढची कामे : सोसायटीचा उतारा दर तीन महिन्यांनी आणायचा. दूध संस्थेचा दिवाळीचा फरक लिटरप्रमाणे येतो, म्हणून लिटरही एकक म्हणून नोंदीत घ्यायचे, मागच्या एप्रिलपासून. खोडव्याला (तोडणीनंतर त्याच बुडख्यातून फुटलेल्या उसाला) पाणी कधी आणि किती तास दिले याची टिंबे मारायला दादा तयार झाला आहे, उद्या त्याला मांडणी दाखवायची.